एक महिना आधी

(दवनीवाडा. कार्तिकातली दुपार. वच्छलाच्या अंगणात धान वाळत घातलेलं. मुर्रीहून तिचा धाकटा भाऊ देवेंद्र आणि त्याची बायको मोनाली आत्ताच आलेले.)

वच्छला : ऐकलं ना मी, घर तुमचं झालं म्हणून. बेस झालं. पण चपला तिकडे काढ पहिले, धानावर पाय पडून राहिला तुहा.

देवेंद्र : काढतो, काढतो. बाई, तुले आनंद नाही झाला?

वच्छला : झाला ना. आता काय धानात नाचू? मोनाली, तू बाजेवर बस वो. खाली आताच सारवलं आहे, साडी भरन.

मोनाली : बसते दीदी. सच में, बँकेतले मॅनेजर साहेब खुर्चीवरून उठले. म्हणाले, पंधरा सालाचं होम लोन आठ सालात क्लिअर करणारे तुम्ही पहिलेच. चहा मागवला आमच्यासाठी.

वच्छला : चहा मागवला का? मंग तर सारे पैसे वसूल.

देवेंद्र : थट्टा नको करू बाई. रजिस्ट्रीचा मूळ कागद हाती देला त्यानं. मी थैलीत टाकला अन् मुर्रीपर्यंत गाडी चालवता चालवता दहा डाव थैली चाचपली. ही मागून वरडून राहिली, सामने देखो, सामने देखो.

वच्छला : आज सोमवार ना? प्लांटवर ड्युटी नाही का तुले?

देवेंद्र : रजा टाकली. तुले बोलवाले याचं होतं म्हणून खास.

वच्छला : अच्छा. रजा टाकता येते तुले.

देवेंद्र : भाटवे नाही दिसून राहिले?

वच्छला : भाग्यश्रीचे बाबा? मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा मांडव टाकून राहिले ना गावात. मुन्नालालसंगं बांबू आणाले गेले. पाणी पी. कायले बोलवाले आला?

देवेंद्र : पुढच्या गुरुवारी वास्तू करून राहिलो. भटजीले सांगून झालं. दारातून पहिलं पाऊल तुहं, बाई. कलश तुह्या हाती. माय असती तर मायले म्हटलं असतं. ते नाही, तर तूच माय.

वच्छला : आठ वर्षं त्याच दारातून जाऊन-येऊन राहिले तुमी. आता कोणतं पहिलं पाऊल?

देवेंद्र : ते जाणं-येणं मी धरतच नाही. तुले माहीत आहे. तेव्हा नुसतं दूध उतू घातलं होतं. म्हटलं होतं, बँकेचा एक रुपया बाकी असन तोवर घर बँकेचं, अन् बँकेच्या घरात आपली पंगत बसवाची नाही. फिटन तेव्हाच वास्तू.

वच्छला : अन् मोनालीनं मान डोलावली.

मोनाली : डोलावली दीदी. दोघांनी मिळून ठरवलं होतं. यांचं एकट्याचं कधीच नव्हतं.

वच्छला : बरं. मी नाही येत.

देवेंद्र : बाई...

वच्छला : मुन्नालालच्या बहिणीले घेऊन जा. धट्टीकट्टी आहे, कलश नाही पडाचा तिच्या हातून.

देवेंद्र : मांडववाल्या मुन्नालालची बहीण? ते माह्या वास्तूले काऊन येईन?

वच्छला : काऊन म्हणजे? माह्या भाग्यश्रीच्या लग्नात मामा म्हणून तो उभा राहिला. मंग तुह्या दारात बहीण म्हणून त्याची बहीण उभी राहीन. मी मामा मांडववाला आणला, तू बहीण मांडववाल्याची आण. फिटंफाट.

मोनाली : दीदी, तीन साल झाले त्याला...

वच्छला : तीन झाले म्हणून तर सांगता येऊन राहिलं वो. त्या दिवशी भटजी माईकमधून वरडून राहिला, मुलीच्या मामांनी मुलीले घेऊन या. एक डाव वरडला, दोन डाव वरडला. वराकडचे माना वळवून पाहून राहिले. भाग्यश्री आत मुंडावळ्या बांधून बसलेली. अन् मुन्नालाल तिकडे कनातीचा खुंटा ठोकून राहिला होता. तुह्या भाटव्यानं त्याच्या हातची हातोडी घेतली, डोक्यावर टोपी ठेवली अन् म्हटलं, चाल गा, तू मामा हो. बिचारा आला तसाच, घामानं भिजलेला. पोरीच्या मागं उभा राहिला तर हाताले खुंट्याची माती तशीच त्याच्या.

देवेंद्र : भाटव्यांनी सांगतलं होतं मले.

वच्छला : सांगतलं असन. दिसलं नाही ना तुले. आता तोच तिचा मामा आहे. बालाघाटले सामान आणाले जाते तर तिच्या घरी उतरते, चहा पिते, येताना तिच्या हातचं लोणचं घेऊन येते.

देवेंद्र : मले सुट्टी नाही भेटली होती, बाई. मे महिना होता. एक युनिट बंद ठेवून साऱ्या मशीनची दुरुस्ती चालली होती. शटडाऊनमध्ये माणूस सोडत नाहीत.

वच्छला : ते माहीत आहे. त्याच्यावरच तर तीन वर्षं काढली मी. म्हटलं, नोकरीवाला माणूस, मालक म्हणन तिकडे मान हलवाची, काय करन बिचारा. पण भाऊबीजेलेही शटडाऊन असते का गा? तीन वर्षं पाट मांडला अन् तीन वर्षं चांदोबाले ओवाळलं. ज्या बायांले भाऊ नाही त्या ओवाळतात तसं. शेजारची निर्मलाबाई म्हणे, अवो, तुहा भाऊ तर इथं मुर्रीत आहे, मेला का?

देवेंद्र : सणाच्या दिवशी डबल पगार भेटते बाई. जो माणूस घरी राहते त्याची ड्युटी मी घेत होतो. ते सारं कर्जात...

वच्छला : माहीत आहे, कर्जात.

मोनाली : दीदी, आमच्या घरी प्रत्येक गोष्ट कर्ज फिटल्यावर होती. कूलर, कर्ज फिटल्यावर. भिंतीला रंग, कर्ज फिटल्यावर. माझं फॉल-पिकोचं जे काही यायचं, ते सीधा बँकेत, मुद्दलात. खुशी लहानपणापासून हेच ऐकत मोठी झाली. तिच्या वर्गातल्या टीनानं एकदा विचारलं, तुझा बर्थडे कधी असतो गं? तर म्हणाली, कर्ज फिटल्यावर.

वच्छला : आता यावर हसू का रडू?

मोनाली : तेव्हा आम्ही हसलो होतो. रात्री झोपताना पण हसलो. आणि परवा कागद घेऊन घरी आलो, मला वाटलं आता उड्या मारेल पोरगी. तिनं कागद पाहिला आणि विचारलं, मम्मी, आता काय फेडायचं?

वच्छला : घ्या. आत्या म्हणून सांगते, वास्तू राहू द्या, पहिले तिचा वाढदिवस करा.

देवेंद्र : अन् तुहा तांदूळ, बाई. तो मी विसरलो नाही. दरसाल नव्या धानाचं पोतं भाटवे आणून टाकत. तू म्हणे, तांदूळ विकत घेऊ नको, तेवढे पैसे तिकडे भर. मी भरत होतो. त्या घरात तुहा वाटा आहे.

वच्छला : वाटा-बिटा मले नको. लग्नाच्या सालीही पाठवला, राग डोक्यात होता तरी पाठवला. तुह्या भाटव्यानं विचारलं, पाठवू का औंदा? म्हटलं, पोत्यानं काय बिघडवलं, पाठवा.

देवेंद्र : मंग ये ना. राग सोड. भाग्यश्रीच्या मनात तर काहीच नाही. ते मले फोन करते.

वच्छला : तुले?

देवेंद्र : महिन्या-दोन महिन्यानं करते. अन् पहिले काय विचारते माहीत आहे? मामा, छाती दुखत नाही ना? पायऱ्या चढताना दम लागत नाही ना? मी म्हणतो, नाही वो, ठणठणीत आहो. तर म्हणते, लपवू नका मामा. मले वाटलं, आजकालच्या पोरी मोबाईलवर काहीबाही पाहतात अन् साऱ्यांले डॉक्टरासारख्या विचारत बसतात.

वच्छला : मोबाईलवर नाही पाहिलं तिनं. ते मी सांगतलं.

देवेंद्र : काय सांगतलं?

वच्छला : तुह्या छातीत दुखलं म्हणून. लग्नाच्या दिवशी सकाळीच. दवाखान्यात भरती केलं म्हणून.

मोनाली : दीदी!

वच्छला : मंग काय सांगू वो? तिची सासू माह्या तोंडासमोर येऊन उभी, समधनजी, लड़की के मामा नहीं हैं क्या? अन् आतून पोरगी विचारून राहिली, माय, मामा कुठं राहिला? आता मी म्हणू, मामा कामावर आहे? सख्खा मामा, याच जिल्ह्यात, अन् कामावर? त्या लोकांनी जनमभर पोरीले टोचलं असतं. म्हणून म्हटलं, दवाखान्यात आहे. दवाखान्यातल्या माणसाले कोणी नाव ठेवत नाही.

देवेंद्र : अन् मले सांगतलं नाही.

वच्छला : तू कधी बसला माह्यापाशी, की सांगू? त्या नंतर एक डाव आला, साडी देली, गाडीची किल्ली हातातच होती तुह्या. ते साडी अजून घडीतच आहे, पाहाची असन तर पेटीत पाहा.

देवेंद्र : बरं, झालं ते झालं. तुह्या मनात चांगलंच होतं. आता सांगून टाक तिले, मामा बरा झाला म्हणून.

वच्छला : सांगून थकली. ऐकते का? म्हणते, बरा असता तर मामा बालाघाटले आला नसता का एक डाव? नाही आला म्हणजे तब्येत खराबच आहे, तुमी साऱ्याजणी लपवून राहिल्या. अन् नवस बोलून बसली.

मोनाली : कसला नवस?

वच्छला : सोमवारचा. दिवसभर अन्नाचा कण नाही. रात्री उपास सोडते तर बाकी सारं खाते, भात नाही. धानाच्या मुलखातली पोट्टी, पोळी चावत बसते. म्हणते, मामानं माह्या लग्नातला भात नाही खाल्ला. तो चांगला होऊन माह्या बाजूले पाटावर बसन, भात खाईन, तेव्हा मी सोमवारचा भात खाईन.

देवेंद्र : कधीपासून?

वच्छला : कधीपासून म्हणजे? लग्नाच्या पहिल्या सोमवारपासून. अन् आता पाचवा महिना लागला तिले.

मोनाली : अरे देवा! दीदी, आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

वच्छला : कोण सांगन? डॉक्टरीण म्हणते उपास सोड. सासू म्हणते सोड. मी इथून हात जोडून राहिली. नाही म्हणते, मामाच्या छातीचा प्रश्न आहे. इकडे तू घरासाठी पोट मारून राहिला, तिकडे ते तुह्या छातीसाठी मारून राहिली.

देवेंद्र : मले खरंच माहीत नव्हतं बाई. खुशीची शप्पथ. माहीत असतं तर मी त्याच दिवशी बालाघाटले...

वच्छला : गेला असता? सुट्टी भेटली असती?

देवेंद्र : आता ते सुट्टी नाही भेटली, त्याले मी काय करू, प्लांटवाले...

मोनाली : बस करा हो.

देवेंद्र : मोनाली, तू मधात...

मोनाली : नाही, बस. ती पोरगी तिकडे पोटात लेकरू घेऊन उपाशी राहते, आणि तुम्ही अजून तेच. दीदी, सुट्टी मिळाली होती.

वच्छला : काय म्हणली?

मोनाली : मिळाली होती. साहेबांनी स्वतः सही केली. म्हणाले, भांजी की शादी है, जाओ, यहाँ हम देख लेंगे. भाग्यश्रीसाठी मामाकडची साडी, तुमच्यासाठी लुगडं, सब मी बॅगेत भरून ठेवलं होतं. आदल्या दिवशी जेवताना हे म्हणाले, शटडाऊनमध्ये माणसं कमी पडून राहिली आहेत, जो थांबेल त्याला डबल, वरून बोनस. बोटावर हिशोब केला. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकत होते, काही नको, उद्या निघायचं. बॅग समोरच होती. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, शादी तो हो ही जाएगी. आपण नंतर जाऊन साडी देऊन येऊ.

वच्छला : देवा, तू सांग गा, खरं आहे का हे?

देवेंद्र : हो.

वच्छला : तोंड वर करून सांग.

देवेंद्र : खरं आहे बाई. सुट्टी भेटली होती. मीच परत केली.

वच्छला : तीन वर्षं मी त्या साहेबाले शिव्या देल्या. न पाहिलेल्या माणसाले. म्हटलं, तुह्याही पोरीच्या मांडवात असंच होवो. अन् त्यानं तर जा म्हटलं होतं.

देवेंद्र : बाई, मार मले. पण असं हळू नको बोलू.

वच्छला : किती फरक पडला?

देवेंद्र : कायचा?

वच्छला : त्या पैशाचा. तुले तर सारं तोंडपाठ असते. त्या दिवशी थांबला, तर घर किती आधी सुटलं?

देवेंद्र : नको विचारू.

वच्छला : विचारून राहिली ना मी.

देवेंद्र : एक महिना.

वच्छला : एक?

देवेंद्र : एकच. परवा फिटलं ते पुढच्या महिन्यात फिटलं असतं. कार्तिकात फिटलं, ते मार्गशीर्षात फिटलं असतं.

वच्छला : मंग मार्गशीर्षात काय वाईट होतं?

देवेंद्र : सोड ना बाई आता.

वच्छला : सांग ना. मार्गशीर्षात बँक बंद असते का? ते मॅनेजर चहा नसता पाजत का?

देवेंद्र : काहीच वाईट नव्हतं. परवा तो साहेब कौतुक करून राहिला, मी चहाचा घोट घेतला, अन् मले एकदम हेच सुचलं. एक महिना. मुन्नालालचे हात दिसले मले, बाई. मी पाहिलेच नाही ते हात, तरी दिसले. कागद हातात होता अन् माही मलेच घीन आली. हिले काही बोललो नाही.

मोनाली : मला कळलं होतं. तुम्ही चहा अर्धा ठेवला.

वच्छला : रडू नको गा. धान वाळाले घातलं आहे, ओलं होईन.

देवेंद्र : तू कधीच माफ नाही करणार मले.

वच्छला : मी कोण माफ करणारी? घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी तुह्या डोक्यात कोणी भरवलं? मीच ना? म्हटलं, देवा, पोटाले चिमटा घे पण लवकर फेड. आठवते का? आपण मामाच्या ओसरीत वाढलो. मामी रोज केर काढता काढता म्हणे, हे घर तुमचं नाही, पाय पसरू नका. माह्या कानात ते अजून आहे. म्हणून म्हटलं, माह्या भावाचं घर लवकर त्याचं होऊ दे. मले काय माहीत, तू दुसऱ्याच्याही पोटाले चिमटा घेशीन.

देवेंद्र : तो मामा...

वच्छला : हो, तो मामा. मामी कशीही असो, माह्या लग्नात तो माह्या मागं उभा होता. उधारीचं धोतर नेसून उभा होता. मले मागं वळून पाहा नाही लागलं, त्याच्या बिडीचा वास येऊन राहिला होता, मले समजलं, मामा आहे. तेवढंच लागते पोरीले, दुसरं काही नाही लागत.

मोनाली : दीदी, आता काय करायचं ते सांगा. आम्ही करतो.

देवेंद्र : गुरुवारी भाग्यश्रीले बोलावतो ना. जावईबापूले पण. ते मले पाहीन, पंगतीत तिच्या बाजूले बसून भात खातो, नवस फिटन.

वच्छला : गुरुवार गुरुवारी येईन. आज सोमवार आहे. ते आता, या घडीले, उपाशी आहे.

देवेंद्र : मंग फोन लाव. माह्या तोंडून ऐकू दे.

वच्छला : काय ऐकू दे?

देवेंद्र : बरा झालो म्हणून.

मोनाली : हो दीदी. तेवढंच पुरेसं आहे. एवढंच म्हणायचं, डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण ठीक आहे, नवस सोड. बाकीचं आत्ता तिला सांगून काय करायचं? अशा हालतमध्ये टेंशन कशाला द्यायचं?

वच्छला : म्हणा ना तसं. मी तीन वर्षं म्हटलं, आता तुमी म्हणा. ते खुश होईन, भात खाईन, गुरुवारी नवऱ्याले घेऊन येईन. मले म्हणन, माय, चाल, मामाच्या घरी कलश घे. मी काय नाही म्हणीन पोटुशा पोरीले? घेईन. सारं कसं गोड होईन.

देवेंद्र : अन् खरं सांगतलं तर?

वच्छला : मले काय माहीत. माह्या पोटची आहे, पण तिच्या मनातलं मी सांगू नाही शकत. कदाचित येईन. कदाचित तुहं दार ते कधीच नाही पाहणार. अन् ते नाही आली, तर मी येईन का, हे मले नको विचारू.

मोनाली : सोचो जरा. आठ साल या दिवसाची वाट पाहिली आपण.

देवेंद्र : लाव बाई फोन.

वच्छला : लावते. बोल मंग तू. मी मधात नाही पडत. हॅलो, भाग्यश्री? काय करून राहिली वो? पाय वर घेऊन बस. नाही, नाही, सारं बरं आहे. थांब, तुह्या मामाशी बोल. हो, इथंच आहे. घरी आला. घे गा, आवाज मोठा केला आहे.

भाग्यश्री (फोनवर) : मामा? खरंच तुमी दवनीवाड्याले आले? गाडीवर आले का एवढ्या दूर? छाती दुखत नाही ना?

देवेंद्र : नाही दुखत वो.

भाग्यश्री : खरं सांगा. तुमी नेहमी तसंच म्हणता.

देवेंद्र : खरं सांगून राहिलो. आता नाही दुखत. तेव्हाही दुखत नव्हती.

भाग्यश्री : तेव्हा म्हणजे?

देवेंद्र : तुह्या लग्नात. मी दवाखान्यात नव्हतो. तुह्या मायनं माही लाज झाकली.

भाग्यश्री : मंग तुमी कुठं होते, मामा?

देवेंद्र : ड्युटीवर.

भाग्यश्री : सुट्टी नव्हती भेटली?

देवेंद्र : भेटली होती.

भाग्यश्री : भेटली होती? मंग?

देवेंद्र : मीच परत केली. घर लवकर सोडवाचं होतं मले. माह्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तुहं लग्न एकदाच होतं, हे मले समजलं नाही. भाग्यश्री? आज सोमवार आहे, पोरी. माह्यासाठी नको उपाशी राहू. मी त्या लायकीचा नाही. भात खा.

भाग्यश्री : ठेवते, मामा.

मोनाली : कट गया?

देवेंद्र : नाही. तिनं ठेवला.

मोनाली : काय वाटतं दीदी, खाईल ना ती?

देवेंद्र : मामा म्हणली. ठेवते, मामा, म्हणली.

वच्छला : ऐकलं मी. चला, हात धुऊन घ्या दोघंही. ताटं करते.

देवेंद्र : घास नाही उतरणार, बाई.

वच्छला : उतरन. तीन वर्षांचा राहिला आहे तुहा इथं.

देवेंद्र : अन् गुरुवारचं?

वच्छला : ते आता तिच्या हाती आहे. तू जेव, भात थंडा होऊन राहिला.